कोळसा-खाणकामगार, भारतातील

दगडी कोळशाच्या भूमिगत व उघड्या खाणींत कोळसा तोडणे, भरणे, वाहून नेणे, छताला आधार देणे, पाणी उपसणे इ. कामे करणारा, तसेच खाणीच्या तोंडाशी कोळसा निवडण्याचे व वाघिणींत भरण्याचे काम करणारा श्रमिक वर्ग. भारतात हा वर्ग मुख्यत्वे दामोदर नदीच्या खोऱ्यातील राणीगंज (पश्चिम बंगाल), झरिया, बोकारो व करणपुरा (झारखंड) ह्या क्षेत्रांत आणि सिंगरौली, कोरबा, तालचेर, पेंच-कन्हान, वर्धा खोरे व गोदावरी खोऱ्यातील सिंगरेणी येथे आढळतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः झरिया व राणीगंज ह्या जुन्या क्षेत्रांतील आणि काही प्रमाणात विदर्भातील कामगारांचा, त्यांच्या कुटुंबांचा व वस्त्यांचा विचार केला आहे. कोळशाचे प्रकार व उत्खननाच्या पद्धती यांची माहिती अन्यत्र दिली आहे (→ कोळसा; खाणकाम).

ह्या कामगारवर्गाच्या इतिहासाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतल्याखेरीज पुढील घडामोडींचा उलगडा होत नाही. ताग वा कापडगिरण्यांतील कामगार बहुधा एकेकटा कामावर लागे. कोळशाच्या खाणीत मात्र प्रारंभी सबंध कुटुंबच उतरले. पती कोळसा तोडी, पत्नी तो टोपलीत भरून वाही, मुले हाताखाली असत आणि मजुरी सर्वांची मिळून एकच असे. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांत कायदे, यंत्रे व राष्ट्रीयीकरण यांमुळे हे नाते टप्प्याटप्प्याने तुटत गेले. वेतन व सुरक्षितता यांत निःसंशय वाढ झाली. परंतु ती उत्तरोत्तर थोड्या लोकांच्या व बहुतांशी पुरुषांच्याच वाट्याला आली.

आरंभ व मजुरांची भरती : ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जॉन समनर व स्वेटोनियस ग्रँट हीटली यांनी १७७४ मध्ये राणीगंज भागात कोळसा काढण्यास सुरुवात केली. तथापि मागणीअभावी हा उद्योग दीर्घकाळ रेंगाळला. द्वारकानाथ टागोर यांच्या ‘कार, टागोर अँड कंपनी’ने १८३६ मध्ये राणीगंजची खाण विकत घेतली आणि १८४३ मध्ये तीतून ‘बेंगॉल कोल कंपनी’ उदयास आली. लोहमार्ग राणीगंजला १८५५ मध्ये व झरियाला १८९० नंतरच्या दशकात पोहोचला, तेव्हापासून खाणींची संख्या झपाट्याने वाढली. कारण कोळसा वाहून नेणारे एंजिन हेच कोळशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते.

मजूर मिळविणे ही खाणमालकांची पहिली अडचण होती. राणीगंजच्या परिसरातील बाउरी व संथाळ, झरियाच्या परिसरातील भुइया, तुरी, रजवार इ. समाजांतील लोक खाणीत येत. परंतु पेरणी व कापणी यांच्या काळात ते गावी परतत. खाणकाम हे त्यांच्या दृष्टीने शेतीचे पूरक साधन होते. मजूर आळशी व अनियमित आहेत, अशी मालकवर्गाची तक्रार ह्या काळातील कागदपत्रांत वारंवार आढळते. तीत तथ्यापेक्षा सोयच अधिक होती : वर्षभराचा चरितार्थ चालेल अशी मजुरी खाण देत नव्हती, म्हणून मजूर जमिनीला धरून राहत होता. ह्यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी, विशेषतः बेंगॉल कोल कंपनीने, आसपासच्या गावांचे जमीनदारी हक्कच विकत घेतले व कुळांना खाणीत ठरावीक दिवस काम करण्याच्या अटीवर जमीन कसावयास दिली. खाणीत जाणे थांबविल्यास शेतही सुटे. अशा रीतीने कंपनी ही एकाच वेळी मालक व जमीनदार झाली.

विसाव्या शतकात भरतीचे क्षेत्र विस्तारले. बिहार, ओरिसा, मध्य प्रांत व संयुक्त प्रांत येथून मजुरांच्या टोळ्या आणणारे सरदार व कोळसा काढून देण्याचा मक्ता घेणारे कंत्राटदार यांच्या हाती सर्व व्यवहार गेला. मजुराला उचल सरदार देई, काम तोच वाटून देई आणि मजुरीतून आपला भाग तोच कापून घेई. खाणीच्या व्यवस्थापकाशी मजुराचा थेट संबंध क्वचितच येई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोरखपूर भागातून मोठ्या प्रमाणावर पुरुष मजूर आणण्यात आले. त्यांना कुटुंबाविना, पहाऱ्यातील छावण्यांत ठेवले जाई. ही छावणी-पद्धती स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे टिकून होती आणि कामगार संघटनांनी तिच्यावर सातत्याने टीका केली.

कुटुंब हे कामाचे एकक : भारतात भूमिगत खाणीत प्रामुख्याने खण व स्तंभ पद्धती प्रचलित होती. कोळशाच्या थरात समांतर व आडव्या वाटा खोदून मधले चौकोनी स्तंभ छताच्या आधारासाठी ठेवावयाचे आणि शेवटी तेही काढून घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप होय. ह्या वाटांच्या टोकाशी, ज्याला कामाचे तोंड म्हणतात तेथे, ‘मालकट्टा’ म्हणजे कोळसा तोडणारा पुरुष पहार व कुदळ यांनी कोळसा फोडी. ‘कामीन’ म्हणजे मजूर स्त्री तो टोपलीत भरून डोक्यावरून टबापर्यंत, म्हणजे रुळांवरील लहान गाड्यापर्यंत, नेई. उंच व रुंद थरांत हे काम तुलनेने सुसह्य असे. उताराच्या वा ठेंगण्या थरांत वाकून चालावे लागे. तान्ही मुले अनेकदा आईबरोबर खाली नेली जात, कारण त्यांना सांभाळण्यास धौड्यात कोणी मागे राहत नसे.

मजुरी भरलेल्या टबांच्या संख्येवर ठरे. त्यामुळे रिकामा टब वेळेवर मिळणे हा कुटुंबाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. टबांच्या टंचाईमुळे तासन्‌तास ताटकळत बसावे लागे आणि त्या वेळेची मजुरी मिळत नसे. टब पुरता भरला नाही, कोळशात दगड निघाला ह्या कारणांवरून मुन्शी मजुरी कापी. मुन्शीला वा टब वाटणाऱ्याला काही दिल्याखेरीज टब मिळत नसे, ही तक्रार त्या काळी नित्याची होती.

१९२० च्या सुमारास कोळसा-खाणींतील एकूण कामगारांत स्त्रियांचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते. १९२३ च्या खाण अधिनियमाने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरण्यास बंदी केली आणि कामाचे तास आठवड्यास भूपृष्ठावर साठ व जमिनीखाली चोपन्न असे मर्यादित केले. स्त्रियांचा प्रश्न मात्र मालकांनी पुढे ढकलला. अखेर १९२९ मध्ये नियम होऊन त्याच वर्षाच्या १ जुलैपासून स्त्रियांना भूमिगत कामास बंदी करण्यात आली. परंतु बंगाल, बिहार-ओरिसा व मध्य प्रांत येथील कोळसा-खाणींना दहा वर्षांत क्रमाक्रमाने संख्या घटविण्याची सवलत मिळाली. आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९३५ मध्ये ह्याविषयी संकेत संमत केल्यावर ही मुदत अलीकडे आणून १ ऑक्टोबर १९३७ पासून बंदी संपूर्ण करण्यात आली.

ह्या बंदीचा हेतू मानवतावादी होता आणि आज तिचे समर्थन करणे सोपे आहे. तथापि तिचे कुटुंबावर झालेले परिणाम फारसे सांगितले जात नाहीत. पूर्वी पतिपत्नी मिळून जी मजुरी मिळवीत, ती आता एकट्या पुरुषाला मिळवावयाची होती. कोळसा वाहण्यासाठी दुसरा पुरुष जोडीला घ्यावा, तर मजुरी वाटून द्यावी लागे. टबाचा दर त्या प्रमाणात वाढविण्यात आला नाही. खाणीच्या वर स्त्रियांना पुरेसे काम नव्हते. जे होते त्याची मजुरी अगदी कमी होती. अनेक कुटुंबे, विशेषतः संथाळ व बाउरी, खाणी सोडून गेली आणि त्यांच्या जागी दूरच्या प्रदेशांतील एकटे पुरुष आले. कामगारांच्या वस्त्यांतील स्त्रीपुरुषांचे प्रमाण बिघडण्याची, कर्ज व दारू यांचा विळखा घट्ट होण्याची प्रक्रिया येथूनच वेगाने सुरू झाली. स्त्रीला खाणीतून बाहेर काढताना तिला पर्यायी काम व पुरुषाला वाढीव दर देणे आवश्यक होते. तसे झाले नाही, एवढाच ह्या टीकेचा आशय आहे.

युद्धकाळात कोळशाचे उत्पादन घटताच तत्त्व बाजूला ठेवण्यात आले. ऑगस्ट १९४३ पासून प्रथम मध्य प्रांतात व त्यानंतर बंगाल-बिहारमध्ये बंदी उठविण्यात येऊन हजारो स्त्रिया पुन्हा जमिनीखाली उतरल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. केंद्रीय विधिमंडळात फेब्रुवारी १९४४ मध्ये ह्या निर्णयावर कठोर टीका झाली, तेव्हा हा केवळ आपत्काळातील तात्पुरता उपाय आहे, असे सांगून त्यांनी स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी देण्याच्या अटीकडे सभागृहाचे लक्ष वेधले. तत्पूर्वी डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद परिसरातील खाणींना भेट देऊन व स्वतः खाली उतरून काम पाहिले होते. कोळशावर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचा वटहुकूम जानेवारी १९४४ च्या अखेरीस निघाला. त्याचेच पुढे १९४७ च्या अधिनियमात रूपांतर झाले. भूमिगत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात अधिक संरक्षण देणारी दुरुस्तीही १९४५ मध्ये झाली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा अंमलात आली व १९५२ च्या खाण अधिनियमाने ती कायम केली.

धौडे व आरोग्य : कामगारांच्या निवासाच्या रांगांना कोळसा-क्षेत्रात ‘धौडा’ म्हणतात. खिडकी नसलेली, ओळीने बांधलेली, बहुधा एकच खोली असलेली ही घरे एका पाळीतील कामगार बाहेर पडल्यावर दुसऱ्या पाळीतील कामगारांनी वापरावी, असेही अनेक ठिकाणी चाले. घर कंपनीचे असल्याने काम गेले की निवाराही जाई, आणि संपाच्या वेळी ही गोष्ट मालकांच्या हाती मोठे शस्त्र ठरे. पाणी उपशामुळे खाणींनी विहिरी कोरड्या पाडल्या. खाणीतून उपसलेले पाणीच पिण्यास व धुण्यास वापरले जाई. पटकी, देवी व अंकुशकृमी यांचा प्रादुर्भाव नेहमीचा होता. १९१२ मध्ये बंगालमध्ये व १९२० मध्ये बिहार-ओरिसात खाणवस्त्यांविषयी कायदे होऊन आसनसोल व झरिया येथे आरोग्यमंडळे स्थापन झाली. झरियाला पाणी पुरविण्यासाठी तोपचांची येथे मोठा जलाशय बांधण्यात आला. मजुरांच्या आरोग्यापेक्षा साथीमुळे मजूर पळून जाऊन खाणी बंद पडण्याची भीती ह्या सुधारणांमागे अधिक होती, असे दिसते; पण त्यांचा उपयोग झाला, हेही तितकेच खरे.

शाही मजूर आयोगाने (१९३१) आणि द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील मजूर चौकशी समितीने (१९४४–४६) ह्या परिस्थितीचे तपशीलवार वर्णन केले आहे. रेगे समितीसाठी एस्. आर्. देशपांडे यांनी तयार केलेला कोळसा-खाणींवरील वृत्तांत (१९४६) हे युद्धोत्तर स्थितीचे सर्वांत विश्वसनीय चित्र मानले जाते.

खाणकामगाराचा सर्वांत सावकाश जडणारा रोग म्हणजे कोळशाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुस-धूलिरोग. सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे फुप्फुसांत साचून ऊतक कठीण होते व दम लागू लागतो. खडकात भोके पाडणाऱ्या कामगारांना सिकतारोगही होतो. हा विकार बरा होत नाही. धुळीचे प्रमाण कमी ठेवणे व वेळोवेळी क्ष-किरण तपासणी करणे एवढेच हाती असते. निदान निवृत्तीनंतर झाले, किंवा कामगार कंत्राटदाराकडील असून त्याच्या कामाची नोंदच नसली, तर भरपाई मिळविणे अतिशय अवघड जाते. अशा घरांत रुग्णाची शुश्रूषा व चरितार्थ ही दोन्ही ओझी स्त्रीवर येतात.

अपघात : भूमिगत खाणीत मृत्यूचे सर्वांत नित्याचे कारण छत वा बाजूची भिंत कोसळणे हे होय. असे अपघात एकदोघांचा बळी घेतात व त्यांची वार्ता त्या खाणीपलीकडे सहसा जात नाही. मिथेन वायूचा वा कोळशाच्या धुळीचा स्फोट आणि पाण्याचा लोंढा ह्या कारणांनी होणारे अपघात मात्र एकाच वेळी शेकडो कुटुंबे उद्ध्वस्त करतात. पोईडीह (१९३६, मृत २०९), चिनाकुडी (१९५८, मृत सु. १७५) व धोरी (१९६५, मृत २६८) येथील अपघात स्फोटांमुळे झाले, पेंच खोऱ्यातील न्यूटन चिखली (१९५४, मृत ६३) व झरियातील गजलीटांड (१९९५, मृत ६४) येथील पाणी शिरल्यामुळे.

ह्या सर्वांत भीषण अपघात धनबादजवळील चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी दुपारी घडला. वरच्या बाजूस जुन्या, सोडून दिलेल्या कामांत पाणी साचले होते. ते आणि खालची चालू कामे यांमधील कोळशाचा अडसर फुटून प्रचंड लोंढा खाणीत घुसला आणि त्या पाळीतील ३७५ जण बुडाले. पाणी उपसण्यासाठी परदेशांतूनही पंप मागवावे लागले. मृतदेह हाती येण्यास कित्येक आठवडे गेले आणि काही ओळखता आले ते केवळ दिव्याच्या क्रमांकावरून किंवा कपड्यांवरून. ही खाण जुनाट वा दुर्लक्षित नव्हती. पोलाद कारखान्यासाठी चालविली जाणारी ती यंत्रसज्ज खाण होती आणि तिचे व्यवस्थापन त्या वेळी शासनाच्या हाती होते. संबंधित अधिकाऱ्यांवरील खटल्याचा निकाल धनबादच्या न्यायालयात २०१२ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी लागला. तोपर्यंत मृतांच्या पत्नींपैकी अनेकींना भरपाई म्हणून मिळालेली नोकरीही संपली होती.

बचावाचीही उदाहरणे आहेत. राणीगंज येथील महावीर खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये पाणी शिरले, तेव्हा वरून भोक पाडून त्यातून सोडलेल्या पोलादी कुपीच्या साहाय्याने अभियंते जसवंतसिंग गिल यांनी ६५ कामगारांना एकेक करून बाहेर काढले. ते स्वतः त्या कुपीतून खाली उतरले होते. उघड्या खाणींत छत नसल्याने त्या निर्धोक असाव्यात, असा सामान्य समज आहे. पण झारखंडमधील राजमहाल क्षेत्रात डिसेंबर २०१६ मध्ये मातीचा प्रचंड ढिगारा घसरून २३ जण गाडले गेले. त्यांत बहुतेक कंत्राटी कामगार होते.

संघटना व राष्ट्रीयीकरण : अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे दुसरे अधिवेशन १९२१ मध्ये झरिया येथे भरले आणि कोळसा-कामगारांचा प्रश्न प्रथमच देशापुढे आला. तथापि सरदारांची पकड, भाषाभेद व धौड्यातून बाहेर काढले जाण्याचे भय यांमुळे स्थायी संघटना उभी राहण्यास विलंब लागला. १९४८ मध्ये भविष्यनिर्वाह निधी व बोनस यांविषयी कायदा झाला. १९५६ मध्ये मजुमदार लवादाने व १९६७ मध्ये वेतनमंडळाने वेतनवाढ सुचविली. अनेक खाजगी मालकांनी ती पूर्णपणे दिली नाही. पुढे कामगार संघटनांवर गुंडगिरी व सावकारी करणाऱ्या टोळ्यांचा प्रभाव वाढून धनबादचे नाव बदनाम झाले. अभियंत्याची नोकरी सोडून कामगार चळवळीत आलेले व धनबादमधून तीनदा लोकसभेवर निवडून गेलेले ए. के. रॉय यांचे कार्य ह्या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

खाजगी मालक उत्कृष्ट व सहज मिळणारा कोळसा काढून उरलेला सोडून देतात, वाळू भरून पोकळी बुजविण्याचा खर्च टाळतात आणि वेतनकरार पाळत नाहीत, ह्या कारणांसाठी शासनाने कोक-योग्य कोळशाच्या खाणी १९७१ मध्ये ताब्यात घेऊन १ मे १९७२ रोजी आणि उर्वरित खाणी १ मे १९७३ रोजी राष्ट्रीयीकृत केल्या. नोव्हेंबर १९७५ मध्ये ‘कोल इंडिया’ ही सूत्रधार कंपनी स्थापन झाली. राष्ट्रीय कोळसा वेतन कराराचा पहिला टप्पा १ जानेवारी १९७५ पासून लागू झाला आणि मालकट्ट्याच्या वेतनात प्रत्यक्ष वाढ झाली. घर, वीज, औषधोपचार, मुलांच्या शाळा व निवृत्तिलाभ यांमुळे जे कुटुंब पूर्वी सावकाराच्या वहीत जगत होते, ते एका पिढीत स्थिर झाले. ज्या भागात कोळशाचे काम कमीपणाचे समजले जाई, तेथे खाणीतील नोकरी सर्वांत इच्छित झाली.

ह्या बदलाची दुसरी बाजू अशी, की नोकरीला किंमत आल्याबरोबर ती कोणाला मिळावी ह्यासाठी संघर्ष सुरू झाला. खाणी ताब्यात घेण्याच्या धांदलीत हजेरीपटावरील मूळ मजुरांची नावे खोडून दुसऱ्यांची घुसविण्यात आली, अशा तक्रारी अनेक क्षेत्रांतून आल्या. ह्यात अधिक हानी दलित, आदिवासी व स्त्रिया यांची झाली. टोपलीने कोळसा भरण्याचे काम यंत्रांकडे गेल्यावर स्त्रियांना नवे कसब शिकविण्याऐवजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन मुलाला नोकरी लावण्याच्या योजना पुढे करण्यात आल्या. एक नोकरी आईकडून मुलाकडे गेली, म्हणजे घरातील नोकरी टिकली असे मानले जाई. पण एका स्त्रीचे स्वतःचे उत्पन्न मात्र कायमचे गेले. कोल इंडियाच्या कामगारांत स्त्रियांचे प्रमाण २०२० नंतरच्या वर्षांत दहा टक्क्यांहूनही कमी होते. त्यांपैकी अनेकजणी पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी लागलेल्या होत. २०१९ मध्ये शासनाने तांत्रिक, पर्यवेक्षी व व्यवस्थापकीय स्वरूपाच्या भूमिगत कामांवर स्त्रियांना त्यांच्या लेखी संमतीने, दिवसा नेमण्यास परवानगी दिली.

उत्पादन व नोकऱ्या यांची दिशा आता परस्परविरुद्ध आहे. १९८० नंतरच्या दशकात कोल इंडियाकडे साडेसहा लाखांहून अधिक कायम कामगार होते. २०२५ मध्ये ते सु. सव्वादोन लाख उरले. त्याच काळात देशाचे वार्षिक उत्पादन अनेक पटींनी वाढून २०२४–२५ मध्ये एक अब्ज टनांवर गेले. ह्याचे कारण उघड्या खाणी होत. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी बहुतांश कोळसा जमिनीखालून येई. आता नव्वद टक्क्यांहून अधिक उघड्या खाणींतून येतो. अवजड यंत्रे व मालमोटारी बहुधा कंत्राटदारांच्या असतात आणि त्यांवरील कामगारांना कायम कामगाराच्या तुलनेत बरेच कमी वेतन मिळते.

जमीन, आग व विस्थापन : उघडी खाण कामगार कमी मागते, पण जमीन फार मागते. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमान्वये शासनाला जमीन घेता येते. दोन एकरांमागे एक नोकरी असे सूत्र बराच काळ वापरात होते. दोन एकरांहून कमी जमीन असलेल्यांना आपली खाती एकत्र करून कोणा एकाचे नाव द्यावे लागे व त्यातून भावकीत कायमची तेढ निर्माण होई. नोकरी पुत्राला वा जावयाला मिळे. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती असे शेतमजूर, गुराखी, मोहफुले व सरपण गोळा करणारे आदिवासी ह्यांचा हिशेब कोठेच धरला जात नसे.

झरियाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. येथील कोळसा देशात दुर्मिळ असलेल्या कोक-योग्य प्रतीचा. जुन्या मालकांनी उथळ थरांतील कोळसा काढून स्तंभ तसेच सोडले, पोकळ्या बुजविल्या नाहीत. भेगांतून हवा आत गेली की कोळशाचे मंद ऑक्सिडीभवन होऊन उष्णता साठते व तो आपोआप पेटतो. पहिल्या आगीची नोंद १९१६ मधील आहे. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी सत्तर आगी ज्ञात होत्या. जमिनीतून धूर व वाफा निघतात, घरांच्या भिंती तडकतात, अचानक भूभाग खचतो. धनबाद–चंद्रपुरा हा लोहमार्ग आगीच्या भीतीने जून २०१७ मध्ये बंद करावा लागला. तो २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. शासनाने २००९ मध्ये झरिया व राणीगंजसाठी ७,११२ कोटी रुपयांचा बृहत् आराखडा मंजूर केला आणि बेलगडिया येथे वसाहत बांधली. परंतु तेथे गेलेल्या कुटुंबांस घर मिळाले तरी काम मिळाले नाही. खाणीभोवती मजुरी, कोळसा वेचणे, किरकोळ विक्री यांवर जगणारी ही माणसे मूळ वस्तीपासून तुटली व अनेकजण परत फिरले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ५,९४० कोटींच्या सुधारित आराखड्यात निर्वाहासाठी एक लाख रुपयांचे अनुदान व कर्जाची सोय यांचा समावेश केला आहे. जमिनीची कायदेशीर मालकी असणाऱ्यांबरोबर ती नसणाऱ्यांनाही ही तरतूद लागू आहे. झरियातील बहुसंख्य रहिवासी दुसऱ्या गटातील आहेत.

विदर्भ : महाराष्ट्रातील कोळसा वर्धा व कामठी-उमरेड क्षेत्रांत सापडतो. वरोड्याची खाण सरकारने १८७१ मध्ये सुरू केली व ती १९०६ मध्ये बंद पडली. त्यानंतर बल्लारपूर, चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी येथे खाणी निघाल्या. आता त्यांतील बहुसंख्य नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘वेस्टर्न कोलफील्ड्स’कडे आहेत. छत्तीसगढ, उत्तर प्रदेश व तेलुगू प्रदेश येथून आलेल्या मजुरांमुळे बल्लारपूर-चंद्रपूरच्या वस्त्यांत मराठीइतकीच छत्तीसगढी, हिंदी व तेलुगू ऐकू येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील मुले ह्या सर्व भाषा बोलतात. कोळसा, त्यावर चालणारे औष्णिक वीजकेंद्र व सिमेंट कारखाने एकाच जिल्ह्यात असल्याने धूळ व राख यांचा उपद्रव येथे अधिक आहे. काळ्या कसदार जमिनीवरील कापूस-सोयाबीनच्या शेतांना लागून मातीचे डोंगर उभे राहिले आहेत. पावसाळ्यात त्यांचे पाणी ओढ्या-नाल्यांत उतरते. जुन्या भूमिगत खाणींचा धोका येथेही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे एक घर बघता बघता जमिनीत गडप झाले. कुटुंब वेळीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली; आसपासच्या घरांतील लोकांना मात्र तेथून हलवावे लागले.

खाणीबाहेरचे खाणकामगार : सोडून दिलेल्या खाणींत, उघड्या खाणींच्या कडांवर व ढिगाऱ्यांत कोळसा खोदणारी व वेचणारी हजारो कुटुंबे कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. स्त्रिया व मुले पहाटे कोळसा गोळा करतात, तो उघड्यावर जाळून त्याचा घरगुती कोक करतात आणि पुरुष दोन-अडीचशे किलो ओझे सायकलवर लादून वीस-तीस किमी. ढकलत शहरात विकतात. कायद्याच्या दृष्टीने ही चोरी होय. परंतु ही कुटुंबे बहुधा त्याच परिसरातील जमीन वा काम गमावलेल्यांची असतात, आणि कुटुंबाने मिळून कोळसा काढण्याची जुनी पद्धती जिवंत राहिली आहे ती नेमकी येथेच. छत कोसळून मेलेल्यांचे मृतदेह अटकेच्या भीतीने नातलग गुपचूप घेऊन जातात, त्यामुळे ह्या मृत्यूंची मोजदाद होत नाही. मेघालयात अरुंद बिळांतून कोळसा काढण्याच्या पद्धतीवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली. तरी डिसेंबर २०१८ मध्ये जैंतिया टेकड्यांतील क्सान येथे अशाच खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले.

साहित्य व चित्रपट : कोळसा-क्षेत्रातील जीवन साहित्यात प्रथम आणण्याचे श्रेय बंगाली लेखक शैलजानंद मुखोपाध्याय यांच्या कथांना दिले जाते. चासनालाच्या अपघातावर आधारित संजीव यांची सावधान! नीचे आग है ही हिंदी कादंबरी व इलियास अहमद गद्दी यांची झरियाच्या पार्श्वभूमीवरील फायर एरिया ही साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभलेली उर्दू कादंबरी उल्लेखनीय आहेत. चासनालाच्याच घटनेवरून यश चोप्रा यांनी काला पत्थर (१९७९) हा चित्रपट काढला; तो लोकप्रिय असला, तरी त्यात बोगद्यातील पुरुषच प्रामुख्याने दिसतात, धौडा फारसा दिसत नाही.